नवऱ्याचं नाव पुष्कळ घेतलं, आता आमचं नाव छापा

लग्न असो, बारसं असो, मंगळागौर असो, बाईला सगळे एकच सांगतात: नाव घे. तिने नवऱ्याचं नाव घ्यायचं, तेही यमक जुळवून, लाजत, मान खाली घालून. तिचं स्वतःचं नाव मात्र सातबाऱ्यावर शोधावं लागतं. कितीतरी जणींचं तर लग्नानंतर बदलूनच टाकलेलं असतं. आता या यादीत आणखी एका जागेची भर पडली आहे, ती म्हणजे टीव्हीवरच्या संगीत मालिकेतून निघणारा गाण्यांचा अल्बम. आवाज बाईचा, चेहरा दुसरीचा, नाव तिसऱ्याचं आणि पैसा चौथ्याचा, असा हा व्यवहार आहे.

पाण्याचा प्रश्न, मारहाण, जमीन, रोजगार हमी हे सगळं सोडून ही बाई गाण्यांबद्दल काय लिहीत बसली, असं काही मैत्रिणींना वाटेल. पण हा करमणुकीचा प्रश्न नाही, श्रमाचा आहे. बाईचं स्वयंपाकघरातलं काम जसं 'काम' म्हणून मोजलं जात नाही, तसंच तिचं गाणंही 'काम' म्हणून मोजलं जात नाही. स्वयंपाकाला प्रेम म्हणतात, गाण्याला परंपरा म्हणतात. दोन्हीकडे हिशेब शून्य.

आमच्या खळ्यातली गोष्ट

आरोंदा हे सावंतवाडी तालुक्याचं एक टोक. तेरेखोल खाडीवरचा किरणपाणीचा पूल ओलांडला की गोवा लागतो. आमच्याकडे जत्रेत रात्र रात्र दशावतार चालतो. पण त्या रंगमंचावर परंपरेने बाईला जागा नाही. सीता, द्रौपदी, रंभा ही सगळी कामं पुरुषांचीच, त्यांना 'स्त्रीपार्टी' म्हणतात. बाईच्या गाण्याची जागा म्हणजे घरापुढचं खळं. दिवसभर काजूच्या कारखान्यात बिया सोलून नाहीतर डोक्यावर मासळीची पाटी वाहून आलेल्या बायका चवथीच्या दिवसांत रात्री खळ्यात उतरतात आणि फुगडी घालतात. तिथे सासू नसते, नवरा नसतो, परीक्षकही नसतो. सासरचं दुःख, गावातल्या मोठ्यांची टिंगल, अंगातला दम, सगळं तिथे बाहेर येतं.

अशा एका खळ्यात एका संगीत मालिकेची माणसं आली. वाहिनीचं आणि मालिकेचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण भांडण एका कंपनीशी नाही, रिवाजाशी आहे. आमच्या अकरा जणींनी दोन रात्री फुगडी गायली. तीच फुगडी सात-आठ वेळा गाऊन घेतली, कारण मध्येच कुत्रं भुंकलं, मध्येच शेवटची एसटी गेली. शेवटी दरेकीला एक साडी आणि कोंबडी-वड्याचं जेवण मिळालं. कागद कसलाच झाला नाही. काही महिन्यांनी मालिका लागली. पडद्यावर मुंबईच्या नट्या नऊवारी नेसून फुगडी घालत होत्या, ओठ त्यांचे हलत होते आणि आवाज आमचा होता.

मग गाण्यांचा अल्बम निघाला. अल्बम म्हणजे आता कॅसेट किंवा सीडी नव्हे, मोबाइलवर येतो तो. मुखपृष्ठावर मालिकेतल्या पात्रांचे फोटो. खाली गीतकार, संगीतकार, संयोजक, ध्वनिमुद्रक, सगळ्यांची नावं. फुगडीच्या पुढे मात्र 'शब्द: पारंपरिक', आणि गायिकेच्या जागी शहरातल्या एका बाईंचं नाव, त्यापुढे 'आणि सहकारी'. एकाच मोबाइलभोवती आम्ही सगळ्या जमलो होतो. एका काकीने विचारलं, "आमची नावां खंय आसत गो?" दुसरी म्हणाली, "आमी मगे 'सहकारी'!" सगळ्या हसल्या. आमच्याकडची बाई दुखलं की आधी हसते.

त्यातली एक वयनी हसली नाही. त्या फुगडीतली तीन कडवी तिने स्वतः रचलेली आहेत. पूल झाला आणि फेरीबोट बंद पडली, तेव्हा तिने ती जुळवली. बोट गेली आणि बोटीत भेटणारी माहेरची माणसंही गेली, असा त्यांचा अर्थ. ती कडवी आजी-पणजीची नाहीत. रचणारी बाई जिवंत आहे, धडधाकट आहे, रोज सकाळी बाजारात दिसते. तरी तीही 'पारंपरिक' झाली. मी फोन करून विचारलं तेव्हा पलीकडून उत्तर आलं, "मॅडम, ट्रॅडिशनलला कुठे नाव असतं?"

या एका वाक्याला उत्तर देण्यासाठी हा लेख आहे.

कामिनी कोण?

ध्वनिमुद्रणाचा आपल्या देशातला इतिहास बाईच्या आवाजाने सुरू होतो. १९०२ साली कलकत्त्यात ग्रामोफोन कंपनीसाठी गौहरजानने गाणी गायली. सभ्य म्हणवणाऱ्या घरातल्या बायका तेव्हा ध्वनिमुद्रणाच्या जवळ फिरकत नव्हत्या. पुढे आल्या त्या तवायफ, कलावंतिणी. गाणं संपताना गौहरजान इंग्रजीत स्वतःचं नाव सांगायची. तबकड्या छापल्या जात जर्मनीत, हॅनोव्हरला. तिथल्या कामगारांना तबकडी कुणाची हे कळावं, एवढीच कंपनीची त्यामागची सोय होती. पण त्या सोयीतून तिचं नाव शंभर वर्षांहून जास्त टिकलं. नाव गाण्याच्या आतच असल्यामुळे ते कुणाला पुसता आलं नाही.

आता १९४९ सालाकडे या. 'महल' चित्रपट आला, त्यातलं लताबाईंचं गाणं घरोघरी गेलं. पण तबकडीवर गायिका म्हणून नाव छापलं होतं 'कामिनी'. कामिनी म्हणजे पडद्यावर मधुबालेने केलेलं पात्र. अस्तित्वातच नसलेली बाई गायिका म्हणून छापली गेली, आणि प्रत्यक्ष जिच्या गळ्यातून गाणं आलं तिचं नाव नाही. हे गाणं कुणाचं, असं श्रोत्यांनी विचारायला लागावं लागलं. पुढे याच लताबाईंनी पार्श्वगायनाला वेगळा पुरस्कार नाही तोवर फिल्मफेअरच्या समारंभात गाणार नाही, अशी भूमिका घेतली. १९५९ साली तो पुरस्कार सुरू झाला. साठच्या दशकात त्यांनी गायकाला रॉयल्टी हवी असं म्हटलं, तेव्हा मोहम्मद रफींशी त्यांचा मतभेद झाला आणि काही वर्षं दोघांनी एकत्र गाणं बंद ठेवलं. लताबाईंच्या साऱ्याच भूमिका आपल्याला पटतात असं नाही. पण गळ्याला मोल आहे आणि ते मागायला लाजू नये, ही गोष्ट त्यांनी करून दाखवली. त्यांचं घराणं मंगेशीचं, आमच्या खाडीपलीकडच्या गोव्यातलं.

त्याच गोव्यातल्या केसरबाई केरकरांचं गाणं १९७७ साली 'व्हॉयेजर' यानांबरोबर अंतराळात गेलं. पेडण्यातल्या मालप्याच्या अंजनीबाई मालपेकर १९५८ साली संगीत नाटक अकादमीच्या फेलो झाल्या. हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या बाई. या सगळ्या आमच्या शेजारच्या मातीतल्या, बहुतेक कलावंत घरांतल्या, गाणं हेच ज्यांचं पोट होतं अशा. समाजाने त्यांना नावं ठेवली, पण त्यांनी आपलं नाव ठेवलं.

आणि आज? आज आमच्या अल्बमच्या मुखपृष्ठावर पुन्हा कामिनीच आहे. पात्राचा फोटो, पात्राचं नाव. पाऊणशे वर्षांत तबकडी गेली, कॅसेट गेली, सीडी गेली, पण बाईचा आवाज पात्राच्या नावावर खपवायची रीत गेली नाही.

नाव केव्हा छापतात?

मग नावं कधीच छापली जात नाहीत का? छापली जातात की! झी मराठीवर २००८-०९ साली 'सारेगमप लिटल चॅम्प्स' झालं, ते आपल्या सगळ्यांना आठवत असेल. कार्तिकी गायकवाड, मुग्धा वैशंपायन, आर्या आंबेकर, प्रथमेश लघाटे, रोहित राऊत ही पाच मुलं घराघरात पोचली. फेब्रुवारी २००९ मध्ये आळंदीची कार्तिकी जिंकली. या पाचांना लोक 'पंचरत्न' म्हणू लागले आणि त्याच नावाने त्यांच्या गाण्यांचा अल्बमही निघाला. तिथे नाव लपवायचा प्रश्नच नव्हता. नाव हाच माल होता. मुलांच्या नावाने लोक एसएमएस करत होते, नावानेच अल्बम खपणार होता.

म्हणजे नाव छापणं हे सौजन्य नाही, तो व्यापाराचा निर्णय आहे. नाव विकतं तेव्हा ते मोठ्या अक्षरात येतं, विकत नाही तेव्हा 'आणि सहकारी' होतं.

नावाने काय होतं तेही याच पाच जणांकडे पाहून कळतं. बारा वर्षांनी, २०२१ साली, लिटल चॅम्प्सच्या नव्या पर्वात हेच पाच जण परीक्षक म्हणून बसले. लहानपणी लोकांनी नाव लक्षात ठेवलं, म्हणून मोठेपणी काम मिळालं. याचा कुणाला मत्सर वाटायचं कारण नाही. उलट यातून एक गोष्ट सिद्ध होते: नाव म्हणजे मिरवणं नव्हे, नाव म्हणजे पुढचं काम. आमच्या अकरा जणींची नावं त्या अल्बमवर असती, तर पुढच्या कार्यक्रमाला बोलावणाऱ्याने कुणाला फोन करायचा हे त्याला कळलं असतं. 'सहकारी' या नावाने फोन लागत नाही.

मुलांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट नोंदवून ठेवू. लिटल चॅम्प्सच्या वेळी बालकलाकारांसाठी आजचे नियम नव्हते. बालमजुरीच्या कायद्यात २०१६ साली दुरुस्ती झाली आणि २०१७ च्या नियमांनी काही बंधनं घातली. मुलाला दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त आणि विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त काम नाही. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी हवी. मुलाच्या कमाईतला निदान वीस टक्के भाग राष्ट्रीयीकृत बँकेत त्याच्या नावाने मुदत ठेवीत गेला पाहिजे. आपल्या गावातली मुलगी एखाद्या कार्यक्रमात निवडली गेली की सगळं गाव फटाके वाजवतं. वाजवा! पण ठेवीची पावती कुठे आहे, हेही आईने विचारायला हवं. बापाच्या खात्यात गेलेला पैसा मुलीचा राहत नाही, हे आपल्याला काही नवीन नाही.

पारंपरिक म्हणजे बेवारस नव्हे

आता 'ट्रॅडिशनलला कुठे नाव असतं' याचं उत्तर.

फुगडी गावाची आहे, हे मान्य. ती कुणा एकीची मालमत्ता नाही आणि आम्हाला ती करायचीही नाही. उद्या शेजारच्या गावातल्या मुली आमची फुगडी गातील, त्यात आपापली कडवी घालतील, तर आम्हाला आनंदच आहे. पण गाणं सगळ्यांचं असलं तरी त्या रात्री ते जिने गायलं तिचा गळा सगळ्यांचा नाही. विहीर गावाची असते म्हणून पाणी भरणारीची मजुरी बुडवता येत नाही.

आणि गंमत बघा. मूळ चाल 'पारंपरिक', म्हणजे बेवारस. पण तिच्यामागे ढोलकी आणि कीबोर्ड जोडला की लगेच ती कुणाची तरी 'संगीत रचना' होते, आणि त्याचं नाव छापलं जातं. बाईकडे असेतोवर परंपरा, पुरुषाच्या हाती गेली की निर्मिती. बाई घरी रांधते तेव्हा ते कर्तव्य, पुरुष हॉटेलात रांधतो तेव्हा ती पाककला. तोच हा न्याय.

शेकडो बायकांची नावं कशी लिहिणार, ही सबबही टिकत नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या हजाराहून अधिक गावांतून गोळा केल्या. २०१७ पासून त्या 'पारी'ने लोकांसमोर आणल्या, त्या गाणाऱ्या बाईच्या नावासह, तिच्या गावासह. शेतमजूर बायका, दलित बायका, एकट्या राहणाऱ्या बायका. ओवी परंपरेची आहे म्हणून गाणारीचं नाव गाळलं नाही. लाखभर ओव्यांना जे जमलं ते एका अल्बमच्या अकरा नावांना का जमू नये?

कायदा कुणाच्या बाजूने?

कायदा आपल्याला वाटतो त्यापेक्षा बराच आपल्या बाजूने आहे, आणि एका जागी तो फार मोठा दगा देतो. दोन्ही समजून घेऊ.

कॉपीराइटच्या कायद्यात गाणाऱ्या, नाचणाऱ्या, वाजवणाऱ्या माणसाला 'सादरकर्ता' म्हटलं आहे. गाणं जुनं असो की नवं, सादर करणाराला स्वतःचा हक्क आहे आणि तो पन्नास वर्षं टिकतो. २०१२ च्या दुरुस्तीने सादरीकरणाच्या व्यापारी वापरासाठी रॉयल्टीचा हक्क दिला, आणि सादरकर्ता म्हणून आपली ओळख सांगितली जावी हा हक्कही दिला. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर लेखी आणि सहीनिशी द्यावा लागतो. तोंडी 'हो' म्हटल्याने तो जात नाही. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांची धरली जाते. आणि ज्या बाईने स्वतः कडवी रचली, ती तर लेखकच झाली. तिचा हक्क तिच्या हयातीत आणि मृत्यूनंतर साठ वर्षं.

आता दगा कुठे आहे ते पाहा. याच कायद्यात म्हटलं आहे की, चित्रपटात एखाद्याचं सादरीकरण किरकोळ, ओघात आलेलं असेल आणि धंद्याच्या रिवाजाप्रमाणे अशांचं नाव श्रेयनामावलीत कुठेच दिलं जात नसेल, तर तो माणूस सादरकर्ता धरला जाणार नाही. त्याच्या सादरीकरणाची कुणी मोडतोड केली तर तक्रार करण्यापुरताच त्याचा हक्क उरतो. म्हणजे आधी रिवाज पाडायचा की गावातल्या बायकांची नावं द्यायची नाहीत, आणि मग म्हणायचं की रिवाजच तसा आहे, म्हणून हक्क नाही. नाव गाळणाऱ्यालाच नाव गाळल्याचं बक्षीस!

म्हणूनच नावाचा आग्रह ही हौस नाही. पडद्यावरच्या नावात हक्काची किल्ली आहे. नाव गेलं की हक्काची पहिली पायरीच गेली.

आपल्यातल्याच काही शंका

बैठकांमध्ये याबद्दल बोललं की तीन गोष्टी हमखास ऐकू येतात.

पहिली: "पैसे मागितले तर पुढच्या वेळी येणार नाहीत." नाही आले तर नाहीत. काजू सोलणाऱ्या बायकांनी मजुरी वाढवून मागितली तेव्हाही हेच ऐकवलं जातं. शिवाय फुगडी आमच्या खळ्यात आहे, त्यांच्या स्टुडिओत नाही. गरज त्यांना आहे.

दुसरी: "गावाचं नाव झालं, तेवढं पुरे." गावाचं नाव झालं तर आनंदच आहे. पण गाव म्हटलं की सत्काराला स्टेजवर कोण बसतं? सरपंच, मानकरी, स्थानिक पुढारी. गाणाऱ्या बायका तेव्हा चहा करत असतात. बाईचं नाव गावात विरघळवून टाकणं हा तिचा सन्मान नव्हे.

तिसरी शंका आपल्या चळवळीतली आहे, आणि ती मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते: "आपण तर सामूहिक गाणी गातो. मोर्चातल्या गाण्याला कुठे नाव असतं? नाव-पैशाची भाषा बाजाराची, ती आपण कशाला बोलायची?" यातला फरक नीट पाहू. आपण सगळ्याजणी मिळून ठरवतो की गाणं सर्वांचं, तेव्हा ती एकजूट असते. आपल्याला न विचारता दुसरा कुणी आपलं नाव खोडतो आणि गाणं विकतो, तेव्हा ती लूट असते. नाव सोडून देण्याचा अधिकार, जिचं नाव आहे तिचाच. बाजारात माल म्हणून उभं केल्यावर, मालाच्या मजुरीबद्दल बोलणं म्हणजे बाजाराला शरण जाणं नव्हे.

आमच्या मागण्या

आरोंद्याच्या बैठकीत आम्ही पाच गोष्टी ठरवल्या. इतर गटांनी त्यात भर घालावी.

१. मालिकेत आणि अल्बमवर, दोन्हीकडे, गाणाऱ्या प्रत्येक बाईचं पूर्ण नाव आणि गाव. 'आणि सहकारी' चालणार नाही. पात्राचा फोटो खुशाल छापा, पण गळा कुणाचा ते लिहा.

२. ध्वनिमुद्रणाआधी मराठीत लेखी करार. तो सगळ्यांसमोर मोठ्याने वाचून दाखवायचा, एक प्रत गटाकडे ठेवायची. कुठे वापरणार, किती वर्षं वापरणार, हे स्पष्ट हवं. 'सर्व हक्क कायमचे' असं लिहिलं असेल तर सही नाही.

३. साडी आणि जेवण हा पाहुणचार आहे, मानधन नव्हे. मानधन प्रत्येकीच्या स्वतःच्या खात्यात, आणि पुढच्या वापरातला वाटा वेगळा.

४. जिने कडवी रचली तिचं नाव कवयित्री म्हणून. जिथे रचणारी माहीत नाही तिथेही नुसतं 'पारंपरिक' नको. कोणत्या गावातल्या बायकांकडून गाणं घेतलं ते लिहा.

५. मुलींना घेणार असाल तर कामाचे तास, परवानगी आणि वीस टक्के ठेव, हे सगळं आधी कागदावर दाखवा.

सरकारकडेही एक मागणी आहे. रिवाजाच्या आडून सादरकर्त्याचा हक्क काढून घेणारं ते कलम बदला. ज्या रिवाजात बाईचं नाव नाही, तो रिवाज कायद्याचा आधार होऊ शकत नाही.

आणि आपल्यासाठी एक काम. प्रत्येक गटाने एक वही घालावी. कुठली फुगडी कुणी गायली, कुठलं कडवं कुणी रचलं, कुठल्या वर्षी, हे तारखेसह लिहून ठेवावं आणि खाली सगळ्यांनी सह्या कराव्यात. सही येत नसेल तिने अंगठा द्यावा. मोबाइलवर गाणं टिपताना प्रत्येकीने आधी स्वतःचं नाव आणि गाव बोलावं, गौहरजानसारखं. उद्या कुणी 'पारंपरिक' म्हणालं तर दाखवायला आपल्याकडे पुरावा हवा. आम्ही वही सुरू केली आहे. पहिल्या पानावर फेरीबोटीची तीन कडवी आहेत, आणि त्यांच्याखाली वयनीने स्वतःच्या हाताने स्वतःचं नाव लिहिलं आहे. नवऱ्याचं नाव कुठे घालू, असं तिने विचारलं नाही.

येत्या चवथीच्या आत ही वही तुमच्याही गावात उघडली जावी. तुमच्या गटाचा अनुभव काय, कुणी कागद दिला का, कुणी नाव छापलं का, ते या पानांसाठी जरूर लिहा. आणि लिहिताना खाली स्वतःचं नाव घाला. त्याला यमक जुळवायची गरज नाही.